गारगोट्यांचा ड्रम

६ जानेवारी १९५७, रविवार

नाइट स्कूलच्या मास्तरांनी ही कोरी वही दिली तेव्हा म्हणाले होते, रघुनाथ, राग कागदावर उतरव, मग तो माणसांवर कमी उतरतो. वर्षभर वही कोरीच होती. आज उघडली, कारण आज राग कुठंतरी उतरवला नाही तर उद्या मी आनंदाचं टाळकं फोडीन.

संध्याकाळी कमिटीची मीटिंग झाली. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला महिना झाला. वैशाख पौर्णिमेला चाळीतल्या कमिटीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती बसवायची, आणि तिच्यासाठी चौथरा बांधायचा असं ठरलं. मी उठून म्हणालो, चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला पॉलिश केलेल्या गारगोट्यांची पट्टी बसवू. पॉलिशचं मशीन मी स्वतः बनवतो.

आनंदा फिसकन हसला. “दगडाला पॉलिश? रघ्या, आधी तुझ्या डोक्याला कर. घासून घासून काही निघालं तर आम्हाला पण दाखव.”

सगळे हसले. हसायला लोकांना काय लागतं? आनंदाचं म्हणणं, लालबागच्या दुकानातून तयार टाइल्स आणू, दोन दिवसांत काम फत्ते. गिरणीत रात्रपाळी करतो आणि दिवसा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यात घोषणा देत हिंडतो, त्यामुळं त्याला वाटतं की अक्कल आपल्याच घरी मुक्कामाला आहे. पण आमचे अध्यक्ष कोंडीरामबाबा म्हणाले, “आपल्या पोराच्या हातचं असू द्या. विकत काय, कुणीबी आणतो.” त्यावर आनंदाचं तोंड बघण्यासारखं झालं.

मशीनची युक्ती मला दारूखान्यात, जहाजं मोडतात तिथल्या रद्दीत सापडली. कुठल्यातरी जहाजावरून उतरलेलं अमेरिकन मासिक होतं. त्यात चित्र आहे: ड्रम आडवा ठेवायचा, आत दगड, पाणी आणि कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या कडक दगडाची भुकटी, आणि ड्रम रात्रंदिवस फिरत ठेवायचा. दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. नदीत जे व्हायला जन्म जातो ते काही महिन्यांत होतं. दगड माझ्याकडं आहेत. रेल्वेच्या कामाला कर्जतच्या पुढं होतो तेव्हा नदीच्या पात्रातून गोणीभर गारगोट्या आणल्या होत्या. गोणी मोरीजवळ पडून आहे. बकुळा रोज तिला ठेचकाळते आणि रोज माझा उद्धार करते. बायको आहे, चालायचंच.

१३ जानेवारी, रविवार

आज घरोघरचे जुने देव गोळा केले. टोपल्यांत भरून शिवडीच्या खाडीत सोडायचे. सेक्रेटरी म्हणून सुरुवात माझ्या घरापासून.

आईनं मुकाट्यानं सगळं काढून दिलं. खंडोबाचा टाक, बहिरोबाचा टाक, एक फाटका फोटो. पण मरीआई दिसेना. मरीआई म्हणजे मूठभर आकाराचा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासून जाड झालेला आणि त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. गाव सोडताना सासूनं आईच्या ओटीत घातलेला. मी विचारलं तर म्हणाली, “ती म्या कालच खाडीत सोडली. माझी व्हती, माझ्या हातानं सोडली.”

मला आईचा अभिमान वाटला. ज्या बाईनं आयुष्यभर त्या दगडापुढं कपाळ घासलं, ती कुणी न सांगता स्वतः जाऊन सोडून येते! मी लहान असताना मला देवी आल्या, तेव्हा आई म्हणे सात दिवस मरीआईपुढून हलली नव्हती. ‘तिनं तुला परत दिला’ हे मी हजार वेळा ऐकलंय. मी दरवेळी म्हणायचो, मग माझ्या दोन बहिणी का नाही दिल्या परत? त्यावर आई चूल फुंकायला लागायची.

आनंदा टोपली घेऊन दारात उभा होता. त्यानं नाक खुपसलंच. “रखमामावशी, शिवडीपर्यंत एकटी गेलीस? तुझे तर गुडघे धरलेत.”

आई माझ्या गारगोट्यांच्या गोणीवर बसली होती. म्हणाली, “गेले बाबा. बसत उठत गेले.”

मी त्याला झापलं. “माझ्या आईला तुझ्यासारखं सगळं बोंबलून करायची सवय नाही.” तो टोपली उचलून पुढच्या दाराला गेला. बरोबर, बोलायला तोंड होतं का त्याला?

२७ जानेवारी, रविवार

ड्रम फिरला! सगळ्या चाळीच्या नाकावर टिच्चून फिरला.

दारूखान्यातून एक छोटा लोखंडी ड्रम आणला, आत लॉरीच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. दोन पाइपांचे रूळ केले, त्यावर ड्रम आडवा. मोडक्या पंख्याची मोटर आणि शिलाई मशीनचा चामडी पट्टा. झाकणाला नट लावलेत, ते पान्याशिवाय हलत नाहीत. सगळं गॅलरीत, माझ्या दाराबाहेर. वायर कमिटीच्या खोलीतून.

दगड निवडून, बघून घालावेत असं मासिकात लिहिलंय. मला कुठला एवढा धीर! गोणी उचलली आणि सगळी एका दमात ओतली. कोळशाच्या धुळीनं दगड काळेभोर झाले होते. वर भुकटी, वर पाणी, नट आवळले, बटण दाबलं. घर्रर्र. काय आवाज आहे, वा!

राधाबाई शेजारच्या खोलीतून ओरडत आली. “मेल्या, हे काय कानाशी दळण लावलंस? माझी झोप कोण भरून देणार?” म्हटलं, राधाबाई, तुमच्या घोरण्याला आजवर कुणी तक्रार केली का? ती दार आपटून आत गेली.

आई घरी नव्हती. वडाळ्याला मावशीच्या दिराचं मयत झालं, तिकडं गेलीय.

२८ जानेवारी

आई आली. दारात ड्रम बघितला, आत येऊन रिकामी गोणी बघितली आणि मटकन खाली बसली. मी घाबरलो, पाणी दिलं.

“गोणीतलं दगड कुठं हाईत?”

“ड्रममध्ये. का?”

तिनं रिकामी गोणी मांडीवर ओढली. म्हणाली, “गोणी चांगली व्हती. कोळशाला हवी व्हती मला.”

आता याला काय म्हणावं! मी म्हणालो, गोणी आहे ना, घे की. दगडच तर गेलेत. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिचा कुणी नव्हेच.

३१ जानेवारी

झाकण थोडं ढिलं करून बघितलं. पाणी लालभडक. कुठल्यातरी दगडाला गेरू किंवा गंज असणार. आईला हाक मारून दाखवलं, गंमत म्हणून. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. जेवली नाही.

म्हणते, “बंद कर ते धूड. हात जोडते.”

“राधाबाईनं शिकवलं वाटतं?”

“कुनी न्हाई शिकवलं. बंद कर.”

बाहेरच्यांचं मी समजू शकतो. पण घरातल्या माणसानंच पाय ओढायचे म्हणजे हद्द झाली. मी म्हणालो, वैशाख पौर्णिमेपर्यंत हे फिरणार, मोरीत जाऊन बसलीस तरी फिरणार. बकुळा मध्ये पडली, “जरा आत्याबाईंकडं बघा तरी.” बघितलं की! चांगली धडधाकट आहे. जेवत नाही ती हट्टानं.

१२ फेब्रुवारी

काहीतरी भानगड आहे. एवढे दिवस ड्रम फिरतोय आणि दगडांची टोकं अजून तशीच. आज वर्कशॉपमधून आलो तर ड्रम फिरत होता, पण पट्टा उलटा. मी शिवण नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवतो. आज ती आत होती.

म्हणजे माझ्या माघारी कुणीतरी पट्टा काढतं आणि मी यायच्या आत परत चढवतं.

राधाबाईला नळावर सहज विचारलं. म्हणाली, “दिवसा कुठं आवाज असतो? दिवसा बरं असतं, निवांत. तू आलास की चालू होतं तुझं मढं.”

दिवसा घरी कोण असतं? चाळीतले सगळे पुरुष कामावर. रात्रपाळीवाला एकच. आनंदा! साल्याच्या टाइल्स हरल्या ना, म्हणून माझा ड्रम बंद पाडतोय. मी आईला विचारलं, तू दिवसभर घरात असतेस, कुणी ड्रमकडं येतं का? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला न्हाई दिसलं कुनी.”

तिला चष्मा लावायला हवा.

२४ फेब्रुवारी, रविवार

भुकटी बदलायचा दिवस. जाड भुकटीचा एक कण जरी राहिला तरी पुढच्या बारीक भुकटीत ओरखडे पडतात, म्हणून ड्रम खाली नळावर नेऊन सगळं घमेल्यात काढून धुतलं. कोंडीरामबाबा आणि दोघंतिघं मेंबर बघायला आले होते. खाली गाळात एक चमकणारा कपटा सापडला, चेपलेला, नखाएवढा. ड्रमच्या आतल्या पत्र्याचा असेल. काडेपेटीत टाकून ठेवला.

दगड आता कुठं दगडांसारखे दिसायला लागलेत. एक तर झकास आहे. तांबूस, आत पांढऱ्या रेघा, आणि मधे कमरेला चिमटा घेतल्यासारखा. हा मी कधी उचलला होता ते आठवत नाही.

आई जिने उतरून आली, गुडघे धरत, सगळ्यांमधून वाट काढत. सरळ त्या घमेल्यात हात घातला आणि तोच दगड उचलला. पदराखाली घेऊन म्हणाली, “ह्यो मला दे.”

“कशाला?”

“आसू दे. येवढा येकच दे. मसाला ठेचायला.”

लोकांसमोर! मी तिच्या हातातून काढून घेतला. म्हणालो, “आई, ही समाजाची वस्तू. सेक्रेटरीच्या घरात एक जरी दगड गेला तर आनंदा चाळभर बोंब मारत फिरेल.” कोंडीरामबाबा म्हणाले, शाब्बास. आई तशीच उभी राहिली, हात पुढं धरून. मग म्हणाली, “बरं.” वर जाताना कठड्याला धरून दोनदा थांबली.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ मार्च, रविवार

पकडला!

मतदान तोंडावर आलंय. दुपारी समितीच्या प्रचाराला गेलो होतो, संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटत घोडपदेव पालथं घालत होतो. आनंदाही यायचा होता. कालच म्हणाला होता, येतो. आला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली, अर्ध्यातून परत फिरलो. जिना चढतो तर काय, आनंदा उकिडवा बसलाय, हातात पाना, ड्रमच्या झाकणाचे दोन नट काढून बाजूला ठेवलेले. आई दाराच्या चौकटीत उभी.

मी धावलो. कॉलर धरून उठवला आणि थोबाडात दिली. त्याचा ओठ फुटला. पाना खाली पडला. त्यानं हात उचलला नाही, त्यामुळं मला आणखी चेव आला. आई किंचाळली, “मारू नगंस त्येला! मीच त्येला...”

आनंदा तिच्या वरच्या आवाजात ओरडला. “हो, मीच केलं! रोज पट्टा मीच काढायचो! नाही बघवत मला तुझे दगड, काय करायचं ते कर!”

सगळी चाळ जमली. सगळ्यांनी ऐकलं, स्वतःच्या तोंडानं कबूल झाला. राधाबाईसुद्धा म्हणाली, “अगो बाई, हा असा निघाला!”

आई खाली बसून रडत होती. मी म्हणालो, “बघितलंस? तुझ्या नाकासमोर बसून उद्योग करतो आणि तू म्हणतेस दिसलं नाही.” तिनं कानांवर हात ठेवले.

आज फार दिवसांनी पोटभर जेवलो.

५ मार्च

मीटिंग. कोंडीरामबाबांनी आनंदाला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो म्हणाला, नाही. समाजाच्या कामात खोडा घातला म्हणून त्याचं नाव कमिटीतून काढलं. मूर्तीच्या कार्यक्रमाला त्यानं यायचं नाही, चाळीतल्या कुणी त्याच्या घरी जायचं नाही. ठराव मी लिहिला. अक्षर छान आलंय.

जाताना दारात थांबून मला म्हणाला, “रघ्या, तुझा ड्रम नीट चालव. आता अर्धवट सोडू नकोस.” निर्लज्ज!

३१ मार्च, रविवार

आता पट्टा जागच्या जागी असतो. ड्रम दिवसभर फिरतो. चोर कोण होता याला आणखी काय पुरावा हवा?

आई हल्ली दुपारभर ड्रमशेजारी बसते असं बकुळा सांगते. ड्रमवर हात ठेवून बसते. मी म्हणालो, चला, सवय झाली तिला. बकुळा म्हणाली, “तुम्हाला ड्रममधले दगड दिसतात. घरातलं माणूस दिसत नाही.” मी म्हणालो, कोड्यात बोलू नको. ती म्हणाली, “मला तरी कुठं सगळं माहितेय. मला एवढंच दिसतं की त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात.”

आई खरंच वाळलीय. नाक्यावरच्या डॉक्टरकडं नेली. टॉनिक दिलं त्यानं. बाटली तशीच आहे.

२१ एप्रिल, रविवार

आनंदाच्या मुलीचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. ठरावाप्रमाणं चाळीतलं कुणी गेलं नाही. गॅलरीतून दिसत होतं, त्याची बायको दारात उभी राहून जिन्याकडं बघत होती. एकटी आई गेली. माझी आई! सेक्रेटरीची आई!

परत आली तेव्हा मी तोंडाला येईल ते बोललो. “ज्यानं माझं नाक कापायला बघितलं त्याच्या घरी जाऊन पाळणा हलवतेस?”

“तुझा दुश्मन आसंल,” आई म्हणाली. “माजं लेकरू हाय त्ये.”

“मग मी कोण?”

“तूबी.” थोडं थांबून म्हणाली, “तू दगडं बघ तुझी.”

तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीही बोलत नाही. बघू कोण आधी वाकतं.

५ मे, रविवार

शेवटची पॉलिशची पूड झाली. उघडलं. मी इथं काय लिहू! पुसून वाळवले तरी ओलेच वाटतात असे दगड. हिरवट, दुधी, मधासारखे. कोंडीरामबाबा एकेक उचलून गालाला लावत होते. राधाबाई म्हणाली, “मेल्या, एवढं गोड होणार होतं तर आधी सांगायचंस, शिव्या कमी दिल्या असत्या.”

सगळ्यात सुंदर तो चिमटलेला तांबडा. झिजून लहान झालाय, पण आतून उजेड आल्यासारखा दिसतो. आईला हाक मारली. भांडण विसरून मारली. तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, “बघ. मसाला ठेचायला मागत होतीस!”

तिनं अंगठ्यानं तो हळूहळू चाचपला, चारी बाजूंनी. डोळे मिटून. मग म्हणाली, “किती बारीक झाली.”

“झाली नाही, झाला. दगड.”

“व्हय. दगड.” आणि परत माझ्या हातात दिला. “कुठं बसवशील?”

म्हणालो, मधोमध. ती म्हणाली, “मधीच बसव, पर खाली. माजा हात पुरंल आसा.”

एवढ्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतला. मला भरून आलं, खोटं का बोलू. तिच्या म्हणण्याप्रमाणंच बसवीन.

१३ मे, सोमवार. वैशाख पौर्णिमा

मूर्ती बसली. चाळ पताकांनी भरली, वंदना झाली, बावीस प्रतिज्ञा मी वाचल्या. खणखणीत वाचल्या. चौथऱ्याची पट्टी बघायला घोडपदेवच्या सगळ्या चाळींमधून माणसं आली. आनंदा खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. वर आला नाही. मी मुद्दाम त्याला ओलांडून दोनदा गेलो.

बायकांमध्ये आई सगळ्यात पुढं. वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. हात पट्टीवर, त्या तांबड्या दगडावर. कोंडीरामबाबा माइकवर म्हणाले, “ही रखमाबाई बघा. जुना देव आपल्या हातानं खाडीत सोडणारी पहिली बाई. धम्म असा रक्तात उतरावा लागतो.” टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली.

कार्यक्रम संपला, सगळे जेवायला बसले. मी चौथऱ्यापुढची फुलं झाडत होतो. आई वाकली होती त्या जागी काहीतरी चमकलं. उचललं. तिच्या पदराच्या गाठीतून पडलं असणार, लुगड्याचा एक धागा त्याला अडकला होता.

चांदीचा डोळा. मधे काळा ठिपका.

घरी आलो. घरात कुणी नव्हतं. काडेपेटी काढली. ड्रमच्या गाळातला तो कपटा नखानं उलगडला, सरळ केला. बाजूला ठेवला. एक डावा, एक उजवा. एक लपवतानाच निसटला असणार, तो तिनं गाठीत जपला.

लाल पाणी. ‘गोणी चांगली व्हती.’ ‘किती बारीक झाली.’ हे सगळं मीच तर माझ्या हातानं या वहीत लिहिलंय! वाचता येतं मला, मॅट्रिक झालोय मी, आणि एक अक्षर वाचता आलं नाही.

ती लपवायला तिला माझीच गोणी सापडली. दगडात दगड. वर कोळशाची धूळ चोळली म्हणजे कुणाला कळणार नाही. आणि मी, तिचा मुलगा, ज्याच्यासाठी ती सात दिवस बसली होती, मी ती ड्रममध्ये ओतली आणि तीन महिने तिच्या कानाशी घासत राहिलो. पट्टा आई काढत होती. रोज. मी येण्याच्या वेळेला परत चढवत होती, आनंदानं आळ अंगावर घेतला तोवर.

बुद्धाच्या चौथऱ्यात मरीआई बसलीय. मी बसवलीय. सिमेंट लावून.

दोन्ही डोळे आईच्या पेटीत, तिच्या नव्या लुगड्याच्या घडीत ठेवले. दुसरं काय करावं ते कळेना.

१४ मे

कामावर गेलो नाही. आनंदाच्या दारात गेलो. त्याची बायको मला बघून आत निघून गेली. आनंदा म्हणाला, “आत ये म्हणणार नाही. तिथूनच बोल.”

मी विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. “कळलं तर! लवकरच कळलं म्हणायचं तुझ्या मानानं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तू पकडलंस त्याच्या आदल्या दिवशी म्हातारी इथं आली. पाया पडली माझ्या, रघ्या. माझ्या आईच्या वयाची बाई. म्हणाली, झाकनाचं नट तेवढं काढून दे, माझं मी घेते. म्हणून पाना घेऊन बसलो होतो. पट्ट्याबिट्ट्याला मी कधी हात लावला नाही.”

“मीटिंगमध्ये का नाही बोललास?”

“काय बोलू? सेक्रेटरीच्या आईनं देव लपवला? तुझं काय व्हायचं ते होवो, मला मजाच वाटली असती. पण म्हातारीला बायकांनी नळावर उभं केलं नसतं.”

मला त्याच्या ओठावरची खूण दिसत होती. मी म्हणालो, “मी मीटिंग बोलावतो. सगळं सांगतो. तुझं नाव परत...”

“खबरदार!” तो उठून उभा राहिला. “सांगितलंस तर उद्या कोंडीरामबाबा छिन्नी घेऊन चौथऱ्यावर बसतील. ती आता तिथं आहे, म्हातारीचा हात पुरतो, राहू दे. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिला उपटायला लावू नकोस.”

“मग मी काय करू?”

“काय करतोस रोज? भांड. आपलं मिटलं असं दिसलं तर राधाबाई संध्याकाळच्या आत कारण हुडकून काढेल. तेव्हा तू मला शिव्या घालायच्या, मी तुला. चारचौघांत. तुला दुसरं येतं काय?”

मी विचारलं, “तुला माझा राग नाही?”

“आहे की,” आनंदा म्हणाला. “मला खोटं भांडावं लागणार नाही.” आणि दार लावून घेतलं.

१९ मे, रविवार

आईला ते दोन डोळे मिळाले असणार, कारण पेटीतली घडी बदललीय. ती काही बोलली नाही, मीही नाही. भाकरी मात्र न मागता जास्तीची वाढली. आणि माझ्यासमोर बसून स्वतः पण जेवली.

सकाळ-संध्याकाळ चौथऱ्यापुढं जाते. हात ठेवते, ‘बुद्धं सरणं’ म्हणते, येते. तिच्या मनात त्या वेळी कोण असतं ते मी विचारणार नाही. प्रतिज्ञा मी खऱ्या मनानं घेतल्या, अजूनही मानतो. शेंदूर गेला, डोळे गेले, आता तो नुसता दगड आहे, असं मी स्वतःला दिवसातून चारदा सांगतो. चौथऱ्यातल्या तिच्यापुढून जाताना मान मात्र आपोआप वळते.

२ जून, रविवार

आज नळावर आनंदाशी भांडलो. मी म्हणालो, समाजाशी गद्दारी करणाऱ्यानं रांगेत मागं उभं राहावं. तो म्हणाला, “दगड घासून घासून तुझी होती नव्हती ती अक्कल पण झिजली.” बायका खदाखदा हसल्या. त्याची बादली मी लाथेनं कलंडली. कोंडीरामबाबा वरून ओरडले, “रघुनाथ, सोड त्याला, त्या माणसाच्या नादी लागू नकोस!” आनंदा रिकामी बादली घेऊन परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. कडेवर पोरगी होती. पोरगी माझ्याकडं बघून हसली, मी तोंड फिरवलं.

वर आलो तर आई दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. चिडलेली होती. मला वाटलं, आता ही बोलणार. आता सगळं बोलणार.

“त्या पोराला आनखी किती छळशील?” ती म्हणाली. “वरून देव बगतोय रं.” मग एकदम थांबली, जीभ चावली, माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “हो आई. बघतोय.”

ती आत गेली. मी वही घेऊन बसलोय. उद्या नळावर आनंदाला काय शिवी घालायची ते आठवतोय, आणि एकही धड सुचत नाही.